गर्दीची भीती पुरे, म्हातारपणाची तयारी करा

लोकसंख्या म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अजूनही सकाळची विरार लोकल येते. नोकरी मिळत नाही, नळाला पाणी नाही, सरकारी दवाखान्यात खाट नाही, की आपण "माणसंच फार झाली हो" म्हणतो आणि विषय संपवतो. शाळेच्या निबंधात, चहाच्या टपरीवर, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच ऐकत दोन पिढ्या मोठ्या झाल्या. मला आज एवढंच सांगायचं आहे की ही काळजी आता जुनी झाली, निदान महाराष्ट्रापुरती तरी झालीच. आपल्याकडे पाळणे कमी हलू लागले आहेत आणि काठी टेकत चालणारी माणसं वाढू लागली आहेत. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या दारात येणारा प्रश्न म्हातारपणाचा आहे. त्याची तयारी आतापासून करायला हवी.

हा काही ज्योतिष्याचा अंदाज नाही. आकडे सरकारचेच आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातल्या बाईला आयुष्यात सरासरी 1.7 मुलं होतात. आईबापांची जागा पुढच्या पिढीने भरून काढायची तर हा आकडा 2.1 च्या आसपास लागतो. दोन मुलं दोघांच्या जागी, आणि वरचा थोडा भाग मोठं होण्याआधीच जाणाऱ्यांसाठी. आपण 2.1 वर 2005-06 च्या पाहणीतच येऊन पोचलो होतो. शेजारच्या गोव्यात 2019-21 मध्ये 1.3 होता. सगळ्या देशाचा मिळून आकडाही 2.0 वर आलाय. तरी आपली भाषणं आणि आपले कायदे 1970 सालातच अडकून पडलेत.

हजार वस्तीच्या गावाचा हिशेब

जन्मदर आणि मृत्युदर हे शब्द ऐकून दचकू नका. हजार माणसांच्या वस्तीत वर्षाला किती जन्मले आणि किती गेले, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा हजार वस्तीचं एक गाव धरू आणि शंभर-सव्वाशे वर्षांचा हिशेब मांडू.

1911 ते 1921 या दहा वर्षांत आपल्या देशातल्या अशा गावात वर्षाला पंचेचाळीसच्या वर मुलं जन्मत आणि जवळपास तितकीच माणसं मरत. 1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला होता, तो वर्षानुवर्षं हटला नाही. मध्ये दुष्काळ होऊन गेले. 1918 मध्ये मुंबई बंदरातूनच इन्फ्लुएंझाची साथ देशात पसरली आणि तिने कोटीहून जास्त माणसं नेली. 1921 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या 1911 पेक्षा कमी भरली. एवढे पाळणे हलूनही माणसं घटली.

त्या काळाच्या खुणा आपल्या घरांत अजून आहेत. पाचव्या दिवशी पाचवी पुजायची, सटवाईला जपायचं, पोराला दृष्ट लागू द्यायची नाही, कारण पहिला आठवडा हाच सगळ्यात धोक्याचा. दोन-तीन लेकरं गेल्यावर झालेल्या पोराचं नाव दगडू किंवा धोंडू ठेवायचं, म्हणजे मृत्यूला तो घेण्याजोगा वाटू नये. आठ-आठ बाळंतपणं सोसणाऱ्या आपल्या पणज्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. आठ झाली तर चार हाती लागतील, हा त्यांचा हिशेब होता आणि त्या काळात तो बरोबर होता.

आता त्याच गावात 1951 साली या. जन्म चाळीस, मृत्यू पंचवीस. म्हणजे दरसाल पंधरा माणसांची भर. पुढच्या तीस वर्षांत मृत्यू झपाट्याने खाली आले. मलेरियावर डीडीटीची फवारणी झाली. देवीच्या लसीने असं काम केलं की 1975 नंतर देशात देवीचा रोगी उरला नाही. विहिरींत औषध पडू लागलं, रेशनचं धान्य येऊ लागलं. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात गावंच्या गावं खडी फोडायला आणि नालाबंडिंगला गेली. त्या कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा आला. माणसांचे अतोनात हाल झाले. पण 1876 च्या दुष्काळात लाखो माणसं भुकेने मेली होती, तसं 1972 मध्ये झालं नाही.

मृत्यू कमी झाले तरी पाळणे लगेच थांबत नाहीत. औषध एका वर्षात गावात येतं, रीत बदलायला पिढी जावी लागते. आधीची चार मुलं जगली हे डोळ्यांनी पाहिल्यावरच पुढची सून दोनवर थांबते. मधल्या या तीस-चाळीस वर्षांत गावं फुगली. 1961 मध्ये महाराष्ट्रात 3.96 कोटी माणसं होती, 2011 मध्ये 11.24 कोटी झाली. ज्या गर्दीला आपण शिव्या देतो ती अशी आली. तिच्यातली बरीच माणसं म्हणजे पूर्वी पाळण्यातच गेली असती अशी लेकरं, जगून मोठी झालेली. त्यांत तुम्ही-आम्हीही आलो.

2020 साली महाराष्ट्रातल्या हजार वस्तीत जन्म पंधरा आणि मृत्यू साडेपाचच्या आसपास. दोन्ही आकडे खाली आले, पण हिशेब इथे संपत नाही. केरळचा मृत्युदर आज बिहारपेक्षा जास्त आहे, हे सांगितलं तर पटणार नाही. केरळचे दवाखाने बिहारपेक्षा कितीतरी बरे, तान्ही मुलं दगावण्याचं प्रमाण देशात सगळ्यात कमी असलेल्या राज्यांत ते मोडतं, आयुर्मानही जास्त. मग मृत्युदर जास्त का? कारण केरळात पाळणे आधी कमी झाले, म्हणून आज तिथे म्हातारी माणसं जास्त आहेत. माणूस ऐंशीव्या वर्षी गेला तरी तो त्या वर्षीच्या मृत्यूंत मोजला जातोच. आपणही केरळच्याच वाटेवर आहोत, काही वर्षं मागे. जपानने ती वाट पार शेवटपर्यंत चालून दाखवली आहे. तिथे 2024 मध्ये सात लाखांहून कमी मुलं जन्मली आणि सोळा लाखांच्या आसपास माणसं वारली.

जगातल्या बहुतेक देशांची कहाणी याच क्रमाने गेली आहे. आधी मृत्यू कमी, मग जन्म कमी, मग म्हातारपण. फरक वेगाचा. फ्रान्समध्ये पासष्टीच्या पुढची माणसं शंभरात सातवरून चौदा व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली. जपानला पंचवीसही पुरली. दक्षिण कोरियात हे अठरा वर्षांत झालं. फ्रान्सला पेन्शन आणि दवाखाने उभे करायला पिढ्या मिळाल्या. आपल्याला तेवढी सवड मिळणार नाही.

पाळणे कशाने कमी झाले

"कडक कायदा केला म्हणून," असं पुष्कळांना वाटतं. इतिहास तसं सांगत नाही. आणीबाणीत जबरदस्तीचा प्रयोग झाला. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुषांच्या. तिसऱ्या मुलानंतर सक्तीची नसबंदी करणारं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 1976 मध्ये मंजूर केलं होतं, ते अंमलात कधी आलं नाही. त्या सक्तीतून एवढंच झालं की पुरुष नसबंदीच्या नावाने पळू लागले आणि सगळा भार बायकांवर पडला. तो आजतागायत उतरलेला नाही.

खरं काम संथपणे आणि वेगळ्याच लोकांनी केलं. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी त्यांना नोकरी सोडावी लागली आणि पुढे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. त्यांच्या एका खटल्यात डॉ. आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. 1938 मध्ये आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला, तो पडला. शकुंतला परांजपे यांनी त्याच सुमाराला हे काम हाती घेतलं आणि आयुष्यभर केलं. या सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: बाईला माहिती द्या, साधन द्या आणि ठरवू तिला द्या.

दुसरी गोष्ट तान्ह्या मुलांची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. लेकराला न्यूमोनिया झालाय का हे कळायला त्याचे श्वास मोजावे लागतात. पण ज्या दाईला बाराच्या पुढे मोजता येत नाही, तिने काय करायचं? तिच्यासाठी त्यांनी एक साधं उपकरण केलं. मिनिटाभराचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांची ओळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, की न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. आरोग्यदूत बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाला ऊब देऊ लागल्या, जंतुसंसर्ग ओळखून औषध आणि इंजेक्शन देऊ लागल्या. त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. आज तुमच्या गावातली आशाताई बाळंतिणीच्या घरी खेपा घालते ना, त्यामागे हे काम आहे. लेकरू जगेल याची खात्री पटली, तेव्हाच आईबाप दोनवर थांबले.

तिसरी गोष्ट मुलींची शाळा. 2019-21 च्या पाहणीत देशात शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला सरासरी 2.8 मुलं होतात, बारावी किंवा त्याहून जास्त शिकलेलीला 1.8. एवढा फरक कुठल्याही फतव्याने पडलेला नाही.

मग माणसं अजून वाढतात कशी?

हा प्रश्न रास्त आहे. भरधाव एसटीचा ब्रेक दाबला तरी ती जागच्या जागी उभी राहत नाही, काही अंतर जातेच. तसंच हे. पूर्वी जन्मलेल्या मोठ्या पिढीतल्या मुली आज आया होताहेत. प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरी आयाच इतक्या आहेत की एकूण संख्या वाढते. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अंदाजाप्रमाणे भारताची लोकसंख्या 2060 च्या सुमाराला 170 कोटींच्या आसपास जाऊन मग उतरणीला लागेल. ब्रेक मात्र लागलेला आहे. तो आणखी जोरात दाबला तर पुढे म्हाताऱ्यांना सांभाळणारे हातच कमी पडतील. चीनने 1980 पासून पस्तीस वर्षं एकच मूल ही सक्ती केली. 2022 पासून त्यांची लोकसंख्या घटू लागलीय आणि आता सरकार तरुणांच्या विनवण्या करतंय.

आपल्याकडे ज्याला उद्या पाहायचा असेल त्याने कोकणात जावं. 2001 ते 2011 या काळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. मुलं आधीच कमी, त्यात तरणी माणसं मुंबईला. पटसंख्या नाही म्हणून शाळा बंद पडायच्या बेतात. आंब्याच्या बागेत राखणीला आणि तोडणीला नेपाळी गडी. गणपतीत घरं भरतात, नंतर वर्षभर घरात दोन म्हातारे जीव. ही आज कोकणाची गोष्ट आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, विदर्भाचे काही तालुके रांगेत उभे आहेत. पुण्यात ज्यांची मुलं अमेरिकेला गेली त्यांना हे सांगायलाच नको.

म्हणून आता कामाचं बोलतो.

दुसऱ्याच्या घरातले पाळणे मोजू नका

अमुक जातीची, तमुक धर्माची माणसं फार वाढताहेत, हे ऐकलं की आकडे मागा. 1992-93 मध्ये देशात मुस्लिम बाईला सरासरी 4.4 मुलं होती, 2019-21 मध्ये 2.4 वर आली. हिंदू बाईला तेव्हा 3.3, आता 1.9. दोघींचाही आकडा उतरलाय आणि फरक आक्रसत चाललाय. जिथे मुली शिकल्या, दवाखाना जवळ आला, तिथे सगळ्यांचेच पाळणे कमी झाले. 2019-21 मध्ये बिहारमध्ये 3.0 होता, तर तमिळनाडूत 1.8. धर्मापेक्षा राज्य आणि शाळा जास्त बोलतात.

दुसऱ्या टोकालाही बळी पडू नका. आता काही पुढारी "तीन-तीन मुलं होऊ द्या" असं सांगायला लागलेत. आंध्र प्रदेशाने 2024 मध्ये दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्यांवरची स्थानिक निवडणुकांची बंदी उठवली. बंदी उठली ते चांगलं झालं, आपल्याकडेही या अटीचा फेरविचार व्हायला हवा. त्या अटीपायी बायकांना टाकून देण्याचे आणि मुलं दडवण्याचे प्रकार देशभर झाले आहेत. पण भाषणं ठोकून आणि पैसे वाटून पाळणे वाढत नाहीत. दक्षिण कोरियाने त्यावर अफाट पैसा ओतला, तरी 2023 मध्ये तिथे एका बाईमागे 0.72 मूल एवढाच आकडा निघाला. घर परवडत नाही, नोकरी रात्रीपर्यंत सुटत नाही, क्लासच्या फिया भरून कंबर मोडते, आणि घरी आल्यावर सगळं काम बाईनेच करायचं. मग कोण मूल होऊ देईल? आपल्या सुनांनाही हेच विचारून पाहा. लग्नाला वर्ष झालं नाही तोच "गोड बातमी कधी?" असं विचारणाऱ्या काकवांनी आणि मावश्यांनी हा प्रश्न गिळायला शिकावं. किती आणि कधी, हे ते दोघं ठरवतील.

मुलीला परकं धन म्हणणं महागात पडेल

घर लहान झालं, पण मुलग्याची हाव तेवढीच राहिली, तर काय होतं हे महाराष्ट्राने पाहिलंय. आठ मुलांत एक तरी मुलगा होतोच. दोनच हवीत आणि त्यांत एक मुलगा हवाच म्हटलं, की सोनोग्राफीकडे पाय वळतात. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. तरी सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 2001 मध्ये 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894 उरल्या. बीड जिल्ह्यात 807. साताऱ्यात 'नकुशी' नावाच्या मुलींना 2011 मध्ये जिल्हा परिषदेने समारंभ करून नवी नावं दिली. अशा 285 मुली निघाल्या.

त्याची फळं आता पिकताहेत. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा काढला. हसू नका. त्या पोरांना मुली मिळत नाहीत त्यात शेतीची दैना आहेच, पण न जन्मू दिलेल्या मुलीही आहेत.

यापुढे पुष्कळ घरांत एकच मूल असेल आणि ती मुलगी असेल. म्हातारपणी तुमची औषधं तीच आणणार. मग जमिनीच्या वाटणीच्या वेळी तिला कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही करायला लावू नका. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 मध्येच दिला आणि 2005 मध्ये तो सगळ्या देशाला लागू झाला. साडीचोळी करून हक्क लिहून घ्यायचा आणि पडल्यावर तिलाच हाक मारायची, हा व्यवहार यापुढे चालणार नाही. जावयालाही सांगा, त्याच्या सासू-सासऱ्यांचं करणं हे त्याच्या बायकोवर उपकार नव्हेत.

आणि मुलीला अठरा पुरे होण्याच्या आत उजवू नका. 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर मुलींपैकी जवळपास बावीस जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. लवकर लग्न, लगोलग दोन बाळंतपणं आणि पंचविशीच्या आसपास ऑपरेशन. त्यानंतर तिच्या हातात चाळीस-पन्नास वर्षांचं आयुष्य असतं. ते शिक्षणाविना आणि कमाईविना गेलं, तर म्हातारपणी तिच्या नावावर दमडी नसते. बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात. आपल्या गावातली सगळ्यात मोठी गरीब जमात उद्या म्हाताऱ्या विधवांची असेल, हे आत्ताच ओळखा.

बाप्यांनो, थोडं तुमच्याशी

महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय. पुरुषांची नसबंदी शंभरात एकाचीही नाही. बिनटाक्याची पुरुष नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आहे, थोड्या वेळात होते, माणूस चालत घरी येतो. ताकद जात नाही, शेतीचं काम सुटत नाही. दोन मुलं झाली आणि थांबायचं ठरलं, तर "तिचं करून टाकू" म्हणण्याआधी स्वतः प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. दोन्ही बाळंतपणं तिने सोसलीत.

म्हातारपणाची सोय मुलांवर टाकू नका

चार मुलगे असताना एकेकाकडे तीन-तीन महिने फिरून दिवस काढता येत. एकच मूल, तेही पुण्याला किंवा दुबईला, तेव्हा हे जमणार नाही. त्यात मुलाचा दोष नाही. उद्या एका जोडप्याच्या डोक्यावर दोघांचे मिळून चार आईबाप असणार.

चाळिशीच्या आत असाल आणि आयकर भरत नसाल तर अटल पेन्शन योजनेत आजच नाव घाला. साठीनंतर महिना हजार ते पाच हजारांपर्यंत पेन्शन मिळतं. जितकं लवकर सुरू कराल तितका हप्ता कमी. बायकोच्या नावानेही वेगळं खातं काढा. घरात पासष्टीच्या पुढचं, उत्पन्न नसलेलं माणूस असेल तर श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसील कचेरीत करा. महिना 1,500 रुपये मिळतात. उत्पन्नाची अट आहे, कागद गोळा करायला वेळ जातो, म्हणून उशीर करू नका. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, गरीब असो की श्रीमंत, आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचाराची सोय 2024 पासून आहे. आधारकार्ड घेऊन ते कार्ड काढून ठेवा. ऐन आजारपणात धावाधाव नको.

मिळकतीबद्दल एक गोष्ट गाठीला बांधा. जीव असेपर्यंत घर आणि जमीन पूर्णपणे दुसऱ्याच्या नावे करू नका. करायचीच असेल तर बक्षीसपत्रात "माझा सांभाळ करायचा" ही अट स्पष्ट लिहून घ्या. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याखाली, अट असून सांभाळ झाला नाही तर तो दस्त रद्द होऊ शकतो. अट लिहिलेली नसेल तर काम अवघड होतं. पोटगीसाठी अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करता येतो, वकील लागतोच असं नाही. 14567 ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, नंबर फोनमध्ये घालून ठेवा. यात लाज कसली? मृत्युपत्र करणं म्हणजे मरण ओढवून घेणं, ही समजूतही सोडा.

गावानेही काही करावं

एकट्या घराला हे पेलणार नाही. शहरात लोक म्हाताऱ्यांना सांभाळायला ब्युरोची मावशी ठेवतात. ती मावशी बहुतेक वेळा कुठल्यातरी खेड्यातून आलेली असते, तिची स्वतःची आई गावी एकटी असते, आणि बारा तासांच्या कामाचे तिला जेमतेम पैसे मिळतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे कसबाचं काम आहे. ते शिकवलं पाहिजे आणि त्याचे रास्त पैसे दिले पाहिजेत. गावातल्या बचत गटांनी हे शिक्षण मागून घ्यावं, त्यातून बायकांना गावातच कमाई होईल. शाळेची एखादी खोली रिकामी पडली असेल तर तिथे दुपारचं विरंगुळा केंद्र चालू शकतं. ज्याच्या डोळ्यांना दिसतं तो पेपर वाचेल, बाकीचे ऐकतील. एकटेपणाही माणसाला खातो.

पुढच्या ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभे राहा आणि तीन गोष्टी नोंदवून घ्या. आपल्या गावात साठीच्या वरची माणसं किती, त्यांतली एकटी राहणारी किती, आणि पेन्शन किंवा श्रावणबाळचे पैसे कुणाला मिळत नाहीत. आशाताई आणि अंगणवाडीताईंना ही घरं तोंडपाठ असतात, यादी आठवड्यात होईल. मग प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सांगा, महिन्यातून एक दिवस या यादीतल्या लोकांचं बीपी आणि शुगर गावातच तपासा. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात त्यासाठी रक्कम धरायला लावा. सरपंच म्हणतील, लहान मुलांसाठी निधी असतो, म्हाताऱ्यांसाठी कुठे? तेव्हा त्यांना या वर्षीच्या पहिलीचा पट आणि तुमची यादी शेजारी शेजारी ठेवून दाखवा.